येळवस आणि ह्यांचा अंगठा

२९ डिसें., मंगळ., लातूर
टँकर आजही नाही. भांडी घासायला पाणी नाही म्हणून माझ्या मेसला जेवणाऱ्या पोरींना पत्रावळीवर वाढलं. त्यांना मजाच वाटली. 'काकू, लग्नातल्यासारखं!'

खरा घोळ दुपारी. धाकटे दीर बालाजी लोह्याकडं गावी असतात. शेत दोघा भावांचं, राबतात ते एकटेच. त्यांनी घरच्या ग्रुपवर लिहिलं, 'बोअर कोरडा गेला. तिसराबी.' आणि आमच्या ह्यांनी खाली अंगठा टाकला. छान, उत्तम, या अर्थाचा! चहा गाळेपर्यंत बालाजी ग्रुप सोडून गेलेले.

ह्यांनी वाचलंच नव्हतं. हे काहीच वाचत नाहीत. सकाळची फुलं, कुणाचं बारसं, कुणाचा दहावा, उदगीर जिल्हा होणार म्हणून दर महिन्याला येणारा तोच मेसेज, सगळ्याला अंगठा. एम. कॉम. झालेला अंगठेबहाद्दर.

संध्याकाळी जाऊबाईंचा, रेखाचा फोन. बालाजी म्हणाले म्हणे, 'त्यांना म्हणावं, औंदा तुमची येळवस मोबाईलवरच करा.'

येळवस म्हणजे आमची वेळ अमावस्या, लग्न झाल्यापासून माझी एकही शेताबाहेर झालेली नाही. दिवाळी चुकली तर चालेल मला, वेळ अमावस्येचं रानातलं जेवण नाही चुकवायचं.

१ जाने., शुक्र.
नवीन वर्ष. ह्यांनी सकाळपासून अख्ख्या लातूरला शुभेच्छा पाठवल्या. सख्खा भाऊ सोडून.
मी : फोन करा त्यांना.
हे : त्याचं आवतन येऊ दे. मग जाऊ.
मी : स्वतःच्याच शेतात जायला आवतन?
ह्यांचं परत मोबाईलमध्ये मुंडकं.
असा राग आला, भाकरीच करपली. वाढली त्यांनाच.

३ जाने., रवि.
रेखाचा फोन. तिकडं न्हाणीत जाऊन हळू आवाजात बोलत होती. 'आक्का, ह्यांनी कोप बांधली. कडबा न्हाई तर तुराट्यांची बांधली, वरून माझ्या जुन्या साड्या. लई मोठी केली बघा. आमच्या दोघांला एवढी कशाला?'
रानात जेवायचा तो मांडव, दोन माणसांना खरंच कशाला मोठा? मला इतका आनंद झाला की रेखालाच दोनदा सांगायला लावलं.
ह्यांना सांगितलं. तोंडातून 'हं'. आणि हाताचा खराखुरा अंगठा वर!! सवयच लागलीय हाताला.

५ जाने., मंगळ.
हे दिवसभर माफीचा मेसेज लिहीत बसलेत. लिहितात, पुसतात. शेवटी ऋतूला विचारलं, 'हात जोडलेलं चित्र कुठं असतं गं?' पोरगी अकरावीतली, पण बापाला म्हणाली, 'पप्पा, फोन करा ना सरळ.' फोनचं नाव काढलं की हे उठून बाहेर जातात. लाज वाटते, कबूल करत नाहीत इतकंच.

मी फर्मान काढलं. आवतन येवो न येवो, शनिवारी जायचं. आणि ह्यांचा न् ऋतूचा मोबाईल घरी राहणार. माझा साधा बटनाचा पिशवीत, अडीअडचणीला.
ऋतू रडली. येळवशीचे फोटो नाहीत म्हणजे येळवस झालीच नाही म्हणे. हे म्हणाले, 'कुणाचं अर्जंट काही आलं तर?' मी म्हटलं, आलं तर अंगठाच टाकणार ना, रविवारी टाका.

८ जाने., शुक्र.
मेस बंद. दिवसभर चुलीपाशी. बाजरीचे उंडे, गव्हाची खीर, आंबील लावून ठेवली, लसूण घालून. भज्जीसाठी, म्हणजे येळवशीच्या मिसळ भाजीसाठी, हरभऱ्याचे ओले दाणे, तुरीचे दाणे बाजारातून आणले. आपलं रान असून विकत. दुष्काळाने हेही दाखवलं.

संध्याकाळी हे हसत हसत आले. 'विचारलं बालाजीला, उद्या येऊ का म्हणून. बघ, सगळे या म्हणायलेत.' बघते तर ग्रुपवर लिहिलेलं! खाली चुलत, मावस, सगळ्यांचे अंगठे.
'अहो, ज्याला विचारलं तो आहे का त्यात?'
ह्यांचं तोंड बघण्यासारखं झालं. ऋतू हसून हसून पलंगावरून खाली.
मग स्वतःच उठले, दोन्ही मोबाईल बंद केले न् डाळीच्या डब्यात घातले.

९ जाने., शनि. वेळ अमावस्या
एसटीत आंबिलीचं मडकं मांडीवर. फाट्यावर उतरून चालत. ज्वारी डोक्याएवढी असते या दिवसांत, गुडघ्याला पण नव्हती.

बालाजी कोपीत बसून पूजेच्या पाच पांडवांच्या दगडांना चुना लावत होते. आम्हाला बघितलं, चुना लावतच राहिले. रेखा माझा हात घट्ट धरून उभी.
हे पुढे गेले. उभेच.
बालाजी : फोन कुठाय?
हे : घरी. डाळीच्या डब्यात.
बालाजींनी वर बघितलं. ओठ हलले, हसले नाहीत. पूजा झाल्यावर मडकं उचलून ह्यांच्या हातात दिलं. 'धर. थोरल्यानं शिंपायचं असतं.'

दोघं बांधाबांधानं निघाले, हे आंबील शिंपत, मागून बालाजी येळवशीची आरोळी देत. आम्ही मायलेकी मागे. कोरड्या बोअरपाशी हे थांबले. तिथं आंबील शिंपायची रीत नाही, तरी शिंपली.
'बाल्या, मी वाचलंच नव्हतं रे.'
'म्हाईत हाय मला. पण दादा, अंगठा तर शेजारचाबी दाखवतो. तू फोन कराचा व्हतास.'
हे पोरासारखे रडले. बालाजींनी गमछा दिला. रेखा न् मी पण डोळे पुसले, मग एकमेकींना बघून हसलो.

पुढं नुसता दंगा. ज्यांना शेत नाही ती वस्तीवरची माणसं आली, सगळे पोटभर जेवले. ऋतू झोक्यावरून उतरेना, मोबाईलची आठवणही काढली नाही. नाही, एकदा काढली, सूर्य कलताना. माझ्या फोनवरून एकच फोटो काढला, दोघा भावांचा. अंधुक आलाय. दोघांची तोंडं खिरीने भरलेली.

१० जाने., रवि.
मोबाईल डब्यातून काढले. ऋतूच्या फोनमधून अजून तुरीची डाळ गळतेय.
हे बालाजींना परत ग्रुपमध्ये घेणार होते. बोट थांबलं. आधी विचारतो म्हणून फोन लावला. बालाजी म्हणाले, 'नगं. मला त्यातलं काय कळत न्हाई. तू असाच बोलत जा.' मग बराच वेळ बोलले. बैल, चारा, आणखी कायकाय. भाजी मला एकटीलाच निवडावी लागली. निवडली आनंदाने.

१५ जाने., शुक्र. संक्रांत
सकाळपासून गोड बोला, गोड बोला. मोबाईल नुसता किणकिणतोय. ह्यांनी एकालाही उत्तर दिलं नाही.

पहाटेच बालाजींचा फोन आला होता. 'दादा, चौथा बोअर घ्यावा का? का सोडून द्यावं?' हे म्हणाले, 'मी येतो. दोघं मिळून जागा बघू.' चहा अर्धाच टाकून स्टँडवर गेले.

नऊच्या सुमारास भिंतीपाशी चार्जिंगला लावलेला फोन वाजला. बालाजी.
'वैनी, निघाला का दादा?'
'निघाले. फोन इथंच विसरले बघा.'
पलीकडून केवढं हसू.
'मंग खराच यायलाय म्हणा!'

पाणी लागेल का या खेपेला, कोण जाणे. नाही लागलं तर निदान कोरड्या बोअरपाशी दोघं भाऊ सोबत असतील.