पिशोरला कोण राहणार?

२९ नोव्हेंबर २०१९, शुक्रवार

'बस्स झालं! या दोघांना पिशोरला सोडून येऊ!' — इति आमचे हे. चहासुद्धा अर्धा टाकला!

कारण काय, तर सोफा. हे ऑगस्टमध्ये पाटबंधारे खात्यातून रिटायर झाले आणि तेव्हापासून घरात रोज महाभारत. दुपारी सोफ्यावर यांना झोपायचं असतं, नवाबलाही. नवाब लॅब्रॅडॉर, अंगानं म्हशीचं रेडकू. एकदा पडला की हलत नाही. चिंगी पामेरियन, मूठभर, पण यांच्या चष्म्यावर नेमकी बसते. मोडला आज!

यांच्या ऑफिसचे जुने वॉचमन सोनाजी आता पिशोरला शेती आणि मेंढरं बघतात. मळ्यात दोन खोल्या बांधून शहरातले पाहुणे ठेवतात, कुत्र्यामांजरांसकट. त्यांचं राखणीचं कुत्रं उन्हाळ्यात गेलं. म्हणजे जागा रिकामी! मी रडले, भांडले. शेवटी तोडगा — सगळ्यांनीच चार दिवस सुट्टीवर जायचं. कुत्री तिथं रमली तर राहतील, नाही रमली तर परत.

माझी पोरं रमत नाहीत. बघाच तुम्ही!

३० नोव्हेंबर, शनिवार

गाडी मी चालवली. हे चालवतात तेव्हा प्रत्येक ट्रकवाल्याशी बोलतात.

फुलंब्रीच्या पुढं एका टपरीवजा हॉटेलात चहाला थांबलो. कुत्र्यांना गाडीतच ठेवणार होतो, तर मालकीणबाई बाहेरच आल्या. सारजाबाई नाव. 'आत आणा की त्यायला! उन्हात कशाला ठिवता?' नवाब तडक आत गेला आणि खुर्चीवर चढून बसला. बशीतून दूध प्यायला. चिंगीला वेगळी खुर्ची. खुर्च्या संपल्या. यांनी उभ्यानं चहा घेतला.

मी खिडकीतून बाहेर बघत राहिले. हसले असते तर सुट्टी तिथंच संपली असती.

१ डिसेंबर, रविवार

नापास! दोघंही नापास!!

सकाळी सोनाजींबरोबर मेंढरांमागं फिरायला गेलो. हवा काय, हरभऱ्याचं रान काय! पण नवाबनं आयुष्यात पहिल्यांदा मेंढी पाहिली. मेंढीनंही नवाब पहिल्यांदाच पाहिला. तिनं नुसतं 'ब्यँ' केलं आणि हा राखणदार माझ्या साडीमागं! चिंगीला एका कोकरानं बांधापर्यंत पळवलं. सोनाजी पोट धरून हसले. मी मनातल्या मनात टाळ्या वाजवल्या.

पण संध्याकाळी ते यांना म्हणाले, 'साहेब, व्हईल सवय हळूहळू. ऱ्हाऊ द्या दोघांला.' आणि यांनी मान डोलावली. मला न विचारता! जेवण गेलं नाही.

२ डिसेंबर, सोमवार. चंपाषष्ठी

काय दिवस! क्रमानं लिहिते, नाही तर मलाच खरं वाटणार नाही.

सकाळी वाटलं, आता ही पोरं इथंच राहणार, निदान शेवटचं माझ्या हातनं पोटभर खाऊ देत. म्हणून गुपचूप दोघांना दूध-भाकरी दिली, अंडी दिली, बिस्किटांचा पुडा दिला. नवाबला चालवेना.

दुपारी सोनाजींकडं खंडोबाचा नैवेद्य होता. निखाऱ्यात भाजलेले जाडजूड रोडगे, वांग्याचं भरीत. तळी भरली, उचलली. 'येळकोट येळकोट जय मल्हार' झालं. चिंगीनंही साथ दिली. मग सोनाजींच्या घरच्या बानाबाईंनी एक पान वाढून थेट नवाबपुढं ठेवलं. म्हणाल्या, 'देवाचं कुत्रं जेवल्याबिगर आमच्यात घास घेत नाय कुणी. औंदा आमचं कुत्रं नाय, पर देवानंच पाव्हणं धाडलं!'

नवाबनं पान हुंगलं आणि तोंड फिरवलं. चिंगी तर झोपलीच! अख्खं घर हात धुऊन बसलेलं. भावकी बसलेली. भरताचा वास सुटलेला. आणि मी तोंडातून चकार शब्द काढला नाही, देवा मल्हारी, माफ कर!

हे सगळ्यात भुकेले. यांना साखरेचा त्रास, जेवण लांबलं की हात कापतात. ज्या माणसानं नवाबला 'हट' सोडून दुसरा शब्द कधी वापरला नाही, तो गुडघ्यावर बसला. 'खा रे राजा. खा माझ्या सोन्या.' राजा ढेकर देतो! मग म्हणाले, 'अरे, असं खायचं' आणि रोडग्याचा तुकडा मोडला, भरतात बुडवला, तोंडात टाकला. दाखवायला म्हणून हं! मग दुसरा. मग तिसरा. मग पान चाटूनपुसून साफ.

मग बानाबाईंना असं हसू फुटलं की पदर तोंडात! 'आता कसं व्हो साहेब? त्याचं पान ज्यानं खाल्लं, राखण बी त्यानंच करायची!' सगळी पंगत हसत जेवायला बसली. हे कानापर्यंत लाल. पण रोडगा आणखी एक घेतला.

३ डिसेंबर, मंगळवार

सकाळी सोनाजी दारात. खांद्यावर घोंगडी, हातात जादा काठी. 'चला साहेब, ड्युटी!' मला वाटलं, आता हे चिडणार. हे निघाले!

दिवस मावळताना परत आले. नाक उन्हानं सोललेलं, बगलेत कोकरू. पेपर मागितला नाही. बातम्या नाहीत. एक मेंढी लंगडते, एक लई आगाऊ — हो, 'लई' म्हणाले — आणि तिसरी आठवड्याभरात विणार, हेच चाललं होतं. नंतर कोकराच्या कानाशी खेळत म्हणाले, 'ऑगस्टपासून मला कुणी चला म्हणालंच नव्हतं गं.'

मला फार वाईट वाटलं. मीसुद्धा म्हटलं नव्हतं. चार महिने मी फक्त 'सरका' म्हणत होते.

४ डिसेंबर, बुधवार

घरी पोचले. नवाब आला, चिंगी आली. हे आले नाहीत. मेंढी विईपर्यंत हलणार नाहीत म्हणे! सोनाजी म्हणाले, 'वैनी, घोर नका करू. साहेब चांगले रमलेत.' सोफा अख्खा रिकामा आहे आणि मेला नवाब त्यावर चढायला तयार नाही. दाराशीच बसलाय.