डावीकडच्या वळणावरचा आवाज

प्रिय सिग्ने,

खर्रर्र. आधी बारीक, मग घोगरं, आणि टायरची कड बंपरच्या कोपऱ्यातून सुटली की शेवटी एक छोटासा टप्प. आठवतो का ग हा आवाज? तुमच्या घराखालच्या वळणावर नदीच्या वाटेला लागताना माझा ट्रक हटकून ओरडायचा. उजवीकडे वळताना चकार शब्द नाही, डावीकडे वळलं की मात्र बोंब. शाळेत ट्विनिंगबाई आपल्याला खिडकीपाशी उभं करून कविता म्हणायला लावायच्या, तेव्हा ओळ संपताना आपण कसे यमकाची वाट बघायचो? मला त्या वळणावर तसंच व्हायचं. स्टिअरिंग पूर्ण फिरवायचो आणि कान देऊन बसायचो. आला की तू हसायचीस आणि म्हणायचीस, "तुझा ट्रक चुगलखोर आहे, आर्लो. बरं झालं, बाबांचे कान गेलेत."

इतक्या वर्षांनी पत्र, आणि सुरुवात टायरपासून. तुला नवल वाटणार नाही म्हणा. माणसाने मुद्द्याला सरळ हात घालावा, हे मला कधीच जमलं नाही. पण यावेळी मुद्दा टायरचाच आहे, आणि तो नीट सांगायचा तर मला थोडं मागे जावं लागेल.

त्या साली गावातल्या सगळ्या पोरांना रुंद टायरचं वेड लागलं होतं. चाक मडगार्डच्या बाहेर बोटभर तरी दिसलं पाहिजे, नाहीतर तो ट्रक कसला, दूध पोचवायची गाडी! टायर केवढा उंच, केवढा रुंद, आणि चाक किती आत बसतं, या तिन्ही गोष्टींचा मेळ बसला तरच वळताना तो कुठे घासत नाही, हे कुणी विचारतच नसे. आधी चाकं आणायची, मग घासायला लागली की करवत घेऊन मडगार्ड कापायचं. अर्ध्या गावाचे ट्रक उंदरांनी कुरतडल्यासारखे दिसायचे. मीही तुझ्या बाबांच्या, म्हणजे हाल्वर लुंडेच्या दुकानात गेलो आणि तसलेच टायर मागितले. हाल्वर ना धड हसला, ना रागावला. "उद्या ये," एवढंच म्हणाला. दुसऱ्या दिवशी ट्रक घेऊन निघालो, तर पहिल्याच वळणावर खर्रर्र. उलटा फिरलो आणि तक्रार केली, "डावीकडे वळताना घासतंय." त्याने कानामागे हात धरून मला ते पुन्हा ओरडून सांगायला लावलं आणि मग म्हणाला, "मग डावीकडे जातोस कशाला?"

डावीकडे नदी होती. डावीकडे तू होतीस. हे मी त्याला काय सांगणार?

तेव्हापासून त्या चाकांना दुसऱ्या कुणाचा हात लागू द्यायचा नाही, असा त्याचा दंडकच होता. टायर बदलायचा तर त्यानेच, आणि तोही मला बाहेर बाकावर बसवून, हातात कॉफी देऊन. तुझ्या आईच्या बटाट्याच्या पातळ पोळ्या साखर घालून मी त्याच बाकावर खायला शिकलो. मला वाटायचं, म्हातारा कामात फार नेटका आहे. तुला वाटायचं, त्याला मी मुळीच आवडत नाही. "तू गुरं राखणाऱ्याचा मुलगा, त्यात कवितांचा नाद. बाबांना कळलं ना, तर ते मला घरातून बाहेर पडू देणार नाहीत," असं तू म्हणायचीस. म्हणून आपलं सगळं लपूनछपून. नदीवर जाताना वळणावर एक खर्र, परत येताना तुमच्या अंगणात वळायला दुसरं खर्र, आणि तू उजवीकडचं दार उघडून पळायचीस. ते दारही काय नग होतं! खालून गुडघा लावून, वर उचलून, मग हिसका दिला तरच उघडायचं, आतून असो की बाहेरून. ती खुबी फक्त तुला साधली होती. तू आत गेलीस की लगेच ओसरीवरचा दिवा विझायचा, आणि आपण दुसऱ्या दिवशी हसायचो, की तुझे बाबा किती घड्याळ लावून झोपतात.

मग तू नर्सिंग शिकायला स्पोकेनला गेलीस आणि तिकडचीच झालीस. मी लग्न केलं नाही, त्याचं कारण गावाने आळस असं ठरवून टाकलंय, आणि मीही ते खोडून काढलेलं नाही. हाल्वर मात्र दर शरदात टायर बघायला ट्रक मागवून घ्यायचा. एकदा चाकाचे नट आवळता आवळता मान वर न करता त्याने विचारलं, "अजून डावीकडे वळतोस का?" मला तो टोमणा वाटला. मी म्हणालो, "नाही. आता कशाला?" त्याने हात पुसले आणि ट्रकची किल्ली माझ्या हातात ठेवली. तो वारल्यावर मी ट्रक गोठ्यात लावून टाकला, तो या वसंतापर्यंत तिथेच होता.

बर्फ वितळल्यावर मला पुन्हा नदीकडे जावंसं वाटायला लागलं. म्हणून ट्रक ओढत मार्लीसच्या दुकानात नेला. मार्लीस म्हणजे तुझ्या बाबांनी जिला दुकान दिलं ती. तोंडाने फटकळ, पण कामाला वाघीण. टायरच्या भेगा बघून म्हणाली, "आर्लो, हे टायर तुमच्यापेक्षा म्हातारे झालेत." मी सांगितलं, यावेळी न घासणारे टायर दे. तिने नवा टायर चढवला, त्याच्या कडेला खडू फासला, एक चाक ओंडक्यावर चढवलं आणि मला म्हणाली, "बसा, आणि फिरवा पूर्ण डावीकडे." बंपरच्या कोपऱ्यावर खडूची पांढरी रेघ उमटली. फळ्यावर बाई लिहायच्या तशी, अगदी सरळ. उजवीकडे फिरवलं, तर कुठे काही नाही. ती स्वतःशीच पुटपुटली, "एकाच बाजूला? हे कसं?" आणि तिने डावं चाक काढलं.

चाकाच्या आत एक चकती होती, सिग्ने. बोटभर जाडीची, पोलादाची, हाताने कातलेली. फक्त डावीकडे. तिनेच ते चाक बाहेर ढकललं होतं, फक्त कोपऱ्याला घासेल एवढं. मी ती हातात घेऊन उलटसुलट करून पाहिली. मार्लीस मात्र कपाळावर हात मारून जमिनीवर बसली आणि हसायला लागली. "अरे देवा, ती ही चकती होय! दुकान देताना हाल्वर मला सांगून गेला होता. आर्लोचा ट्रक कधी आला तर डाव्या चाकातली चकती काढायच्या आधी त्याला विचार, म्हणाला. मी म्हटलं, का? तर म्हणाला, माझे कान हातोड्यांनी खाल्ले, हळू आवाज मला ऐकू येत नाही. पोरगी घरी पोचली की नाही, हे मला त्या चकतीने कळायचं. दुसरं खर्र झालं की मी दिवा विझवून झोपायचो."

कळलं ना तुला? अर्ध्या बहिऱ्या माणसाने स्वतःला ऐकू येईल एवढा आवाज करून घेतला होता. त्याला पहिल्या दिवसापासून सगळं ठाऊक होतं. प्रत्येक वळण, प्रत्येक संध्याकाळ. आणि त्याने तुला एका शब्दाने अडवलं नाही. आपण ज्या नकाराला भिऊन लांब गेलो, तो नकार त्या घरात कधी नव्हताच. दिवा लावून तो तुझी वाट बघायचा, आणि माझ्या ट्रकच्या भरवशावर झोपायचा.

मी त्या दिवशी चालत घरी आलो. कुठलीच कविता आठवली नाही.

मार्लीस म्हणते, चकती काढावीच लागेल. नव्या टायरची कड रोज घासली तर चिरेल आणि मी नदीत सापडेन. तिने आत बसणारी चाकं आणि जरा अरुंद टायर निवडून ठेवलेत. मी तोंड पाडलं तेव्हा म्हणाली, "एकदा वळा हवं तर. रोज वळायला मी देणार नाही." तूर्तास ट्रक चकतीसकट तिच्याकडेच उभा आहे.

आता मुद्दा. तुमचं घर विकायला काढलंय, आणि तू सह्या टपालानेच पाठवणार आहेस, इकडे येणार नाहीस, असं गावात बोलतात. सिग्ने, सह्या करण्याआधी एकदाच ये. बस अजून तुझ्या बाबांच्या दुकानासमोरच थांबते. तू तुमच्या रिकाम्या स्वयंपाकघरात, ते बसायचे त्या खिडकीपाशी बस. मी ट्रक घेऊन खालून येतो आणि डावीकडे वळतो. त्यांनी जे ऐकलं, ते एकदा तू ऐक. मग मार्लीस चकती काढेल, आणि घराचं तुला हवं ते कर. माझ्याबद्दल काही ठरवायला मी तुला बोलावत नाही. तो माणूस तुझ्यावर रागावलेला नव्हता, हे तुला सांगायचं होतं, आणि ते कागदावर पुरतं मावत नाही. तुझं उत्तर येईपर्यंत त्या चाकाला कुणी हात लावणार नाही.

तुझाच, वळणाखालचा
आर्लो

ता. क. पाकीट शोधायला उठलो, तेवढ्यात वळणावर खर्र झालं. आधी बारीक, मग घोगरं, मग टप्प. मार्लीसने शनिवारी ट्रक आणायचं कबूल केलं होतं आणि आज तर बुधवार आहे. ट्रक अंगणात थांबलाय. आता उजवीकडचं दार उघडलं. खालून गुडघा, वर उचलून, मग हिसका. ते दार मार्लीसला अजून उघडता येत नाही, आणि ती खुबी मी तिला सांगितलेली नाही. पायरी वाजली. मार्लीस कधी दार वाजवत नाही, सरळ आत येऊन कॉफी मागते.

दार वाजतंय.