आईने बसवलेला पोर्ट

प्रिय खटपटे,

लागला! दिवा लागला! पत्राची सुरुवात अशी करत नाहीत हे मलाही कळतं, पण तुझ्या आईने आज स्वतःच्या हाताने कॉम्प्युटर उघडला, त्याच्या पुढच्या बाजूला नवे यूएसबी पोर्ट बसवले, झाकण लावलं आणि तो चक्क चालू झाला. एकही स्क्रू उरला नाही. तुझे बाबा दुपारपासून मला "इंजिनीयर बाई" म्हणून चिडवताहेत आणि मी त्यांना खुशाल चिडवू देते आहे.

तू कॉलेजात असताना सुटे भाग आणून जोडलेला तो कॉम्प्युटर अजून माझ्या शिलाई मशीनशेजारी, टेबलाखालीच आहे. दोन वर्षांपूर्वी तू स्वतः बनवलेली पहिली फिल्म घेऊन आलीस, त्या काडेपेटीएवढ्या काळ्या डबीत. तिच्या वायरीचं टोक नव्या पद्धतीचं, बारीक, गोलसर. आपल्याकडे त्या मापाची एकही जागा नाही. टेबलाखाली रांगत तू मागची बाजू चाचपत होतीस, डोकं आपटलंस, आणि मी वर बसून गणवेशांना काजं करता करता म्हणाले, "एवढं काय असतं त्यात बघण्यासारखं? नंतर बघू." तुला सगळ्यांच्या आधी दाखवायचं होतं, एवढंच तू बोललीस. डबी बटणांच्या डब्यावर ठेवलीस आणि दुसऱ्या दिवशी गेलीस. तेव्हापासून दर रविवारी फोनवर आपण माझ्या गुडघ्यांपासून तुझ्या घरमालकिणीपर्यंत सगळं बोलतो, त्या डबीचं नाव मात्र दोघीही काढत नाही.

गेल्या आठवड्यात गणवेशांचं काम संपलं, बटणांचा डबा आवरायला घेतला आणि डबी हातात आली. मला इतकी लाज वाटली म्हणून सांगू! तशीच उठले आणि कोपऱ्यावरच्या कॉम्प्युटरच्या दुकानात गेले. तिथला चष्मेवाला म्हणाला, काकू, द्या इकडे, दुसरीकडे कॉपी करून देतो. म्हणजे तुझी फिल्म आधी त्याने बघायची? मुळीच नाही. मग म्हणाला, छोटी जोडणी मिळते, मागे लावून टाका. पण मागे म्हणजे पुन्हा ते रांगणं आलं, आणि माझे गुडघे आता रांगायच्या लायकीचे राहिले नाहीत. मला समोर हवं होतं, खुर्चीत बसून हात पुढे केला की लागेल असं. तेव्हा त्याने सांगितलं की पुढच्या रिकाम्या खणात बसणारी पोर्टची पट्टी मिळते, तिची जाड वायर आत मदरबोर्डला लावायची. आत जागा आहे का बघा आणि खणाचं माप आणा.

माप म्हटल्यावर माझी कळी खुलली. खाकी कागदावर आखलं, कापलं, नेऊन दिलं. त्याने रुंद पट्टी दिली, आणि घरी आणली तर ती काही केल्या आत जाईना. अगं, चाळीस वर्षांची सवय, मी चारी बाजूंनी शिवणीसाठी अर्धा अर्धा इंच माया सोडूनच कागद कापला होता! कापड आत दुमडता येतं, प्लास्टिक कुठे दुमडणार? दुसऱ्या दिवशी जाऊन कबुली दिली. चष्मेवाला इतका हसला की त्याला चष्मा काढून डोळे पुसावे लागले, मग बरोबर मापाची पट्टी बदलून दिली.

आज प्लग काढून कॉम्प्युटरची पेटी टेबलावर घेतली. बाबा रबरी चपला घालून, टॉर्च धरून, माझ्यापासून चार हात लांब उभे. वायरीच्या टोकाला दोन ओळी बारीक भोकं, बोर्डवर तेवढ्याच केसासारख्या पिना. जाईना. बाबा म्हणाले, जोर लाव. मी म्हटलं, सुई ओवताना जोर लावतात का? टोक उलटं फिरवलं, खाचेत खाच बसली आणि टक् असा आवाज आला. मी अक्षरशः टाळ्या वाजवल्या.

मग डबी लावली. अकरा मिनिटं. मी तीनदा पाहिली. बसेस धुणारी ती बाई, पहाटेचा डेपो, पाण्याच्या पाइपशी तिचं ते भांडण! तिला हसताना बघून मीही एकटीच हसले. माझं चुकलं गं. बघण्यासारखं सगळंच होतं, मीच मान वर केली नाही. आता ती सगळ्यांना दाखव, कुणासाठी थांबू नकोस. आणि हे सगळं फोनवर न सांगता पत्रात का लिहिते आहे, तर फोनवर मला रडू आलं असतं. सुरुवातीला त्या बाईची बाही खांद्याशी उसवलेली आहे. शेवटी ती बसच्या दारात बसून चहा पिते तेव्हा बाही शिवलेली दिसते. मी तिथे फिल्म थांबवली आणि पडद्याला नाक लावून टाके पाहिले. शिवण शिकणार नाही म्हणून घर डोक्यावर घेणारी माझी पोर! दोरा दुहेरी, टाके तिरके, आणि गाठ अजूनही वरच्याच बाजूला घेतेस.

तुझीच, दोन वर्षं उशिरा बघणारी,
आई