वलीचा डावा पाय

११ जानेवारी २००२, शुक्रवार
वली पडला! बॉल रिंगमध्ये गेला, पण खाली येताना पाय दुसऱ्याच्या बुटावर. डावा. उठायला जातो, परत बसतो. कॅप्टन रोमेलने त्याला पाठीवर घेऊन बसपर्यंत नेलं. पाय सुजून टम्म झाला होता.
इथे आखातात, आमच्या हमरियाच्या पाइप फॅक्टरीची टीम बास्केटबॉलच्या लीगमध्ये पहिल्या नंबरावर — असं आजवर कधी झालं नव्हतं! टीममध्ये सगळे फिलिपिनो, त्यात हा एकटा आमच्या रत्नागिरीचा, फोर्कलिफ्ट चालवणारा. आणि निम्मे पॉइंट ह्याचेच. अजून अकरा मॅच बाकी आहेत.

१४ जानेवारी
पावलाच्या मधलं छोटं हाड मोडलंय. गुडघ्यापर्यंत प्लास्टर. वली म्हणाला, "सात-आठ हप्ते, चाचा. मग यल्ला, चलो!"
ठीक आहे. मार्चमध्ये खेळेल.

१ फेब्रुवारी, शुक्रवार
हरलो. एकवीस पॉइंटनी! वली कुबड्या घेऊन बाकावर. बसल्या बसल्या ओरडून सगळ्यांना सांगत होता, कुठे उभं राहायचं, कुणाला अडवायचं. पण सांगून कुठे होतं?
बारा वर्षं झाली मला इथे. स्टोअर, बस, रूम. शुक्रवारी जुम्म्यानंतर कोर्टावरचा तो दीड तास — तेवढाच माझा. तिथे मी घसा बसेपर्यंत ओरडतो. बाकीचे सहा दिवस कुणाला माझा आवाजही माहीत नाही.

२३ फेब्रुवारी
ईदचा दुसरा दिवस. घरी फोन केला. बायकोला, झुबेदाला, वलीच्या पायाचंच सांगत बसलो. ती ऐकून घेत होती. मग म्हणाली, "माझा गुडघा दुखतो म्हणून दोन वर्षं सांगतेय. त्याचं कधी एवढं विचारलंत?"
फोनचं कार्ड संपलं. बरं झालं.

७ मार्च
प्लास्टर निघालं! मला सुट्टी मिळाली नाही, वली एकटाच क्लिनिकला जाऊन आला. संध्याकाळी आम्ही सगळे गेटवर त्याची वाट बघत उभे होतो. पाय अगदी काडीसारखा झालाय. "कधीपासून खेळणार?" विचारलं तर पायमोजा ओढत बसला. म्हणाला, "दोन हप्ते, चाचा. इन्शाल्ला."

२२ मार्च, शुक्रवार
दोन हप्ते झाले. आज म्हणतो, अजून दोन.
हरलो.

५ एप्रिल, शुक्रवार
पुन्हा तेच — "अजून दोन." पुन्हा हरलो. पुढच्या शुक्रवारी शेवटची मॅच.
बसमध्ये लोक बोलत होते. हलकी ड्यूटी गोड लागली त्याला. एसीत बसून खोक्यांना लेबलं लावायची, कशाला उन्हात फोर्कलिफ्ट चालवेल! मी म्हटलं, तसा नाही तो. पण खरं सांगू? माझ्याही मनात तेच होतं. चालतो सरळ. जिने चढतो. मग अडलंय कुठे? थकलो मी या वाट बघण्याने. वलीच्या पायाने मलाच लंगडं केलंय.

८ एप्रिल
आज बोललो. बोलायला नको होतं. वली संध्याकाळच्या जेवणासाठी कांदा चिरत होता.
"दुखतंय का रे अजून?"
"चालताना नाही दुखत, चाचा."
"मग खेळ की! नाटकं कशाला करतोस?"
वलीने मान वर केली नाही. कांदा चिरत राहिला, चांगला बारीक. नंतर माझं ताट वाढून, वर झाकण ठेवून बाहेर गेला. मी जेवलो. लाज वाटत होती, तरी जेवलो.

१२ एप्रिल, शुक्रवार
लीग खलास. पहिल्या नंबरावर होतो, शेवटून दुसरे आलो. वली आज पहिल्यांदाच कोर्टावर आला नाही. रोमेलने विचारलं, "युअर वली, ही ओके?" मी पाण्याचे कॅन उचलायला लागलो. आज मॅचमध्ये ओरडलो नाही.

१३ एप्रिल
एका रूममध्ये राहून दिवसभर एकमेकांशी बोललो नाही.

१५ एप्रिल, सोमवार
हाफ डे घेतला आणि वलीला क्लिनिकला घेऊन गेलो. तो नको नको म्हणत होता. मी ऐकलं नाही. डॉक्टरला तोंडावर विचारलं, आणखी किती दिवस?
डॉक्टरने फाइल उघडली. "किस बात के दिन? सात मार्च को ही बोल दिया था इसको. हड्डी जुड़ी नहीं है. चलेगा, हल्का काम करेगा. दौड़ना-कूदना ख़त्म."
वली जमिनीकडे बघत होता. बाहेर पायरीवर बसल्यावर म्हणाला, "त्या दिवशी परत आलो तर गेटवर तुम्ही सगळे माझ्यासाठी उभे. तुमचं तोंड बघितलं, चाचा. नाही सांगवलं."
चोवीस वर्षांचा आहे. मी नाटकं म्हणालो, तेव्हाही गप्प राहिला.
टॅक्सी आली, थांबली, गेली. आम्ही दोघं उठलोच नाही.