भुकेल्या हातानं लेकरू

माय, तुले पणती आहे, अन् ती डॉक्टर आहे. आता लेकरांची डॉक्टर व्हायचं शिकून राह्यली. मले वाटे, डॉक्टर झाली म्हणजे झाली. तसं नसते. साडेपाच वर्षं शिकून डॉक्टर, मग वरची परीक्षा, मग लेकरांच्या वॉर्डात आणखी तीन वर्षं. लेकरू काही बोलून सांगत नाही, त्याचं दुखणं ओळखाले वेळ लागंलच. शिकण्याचा मले राग नाही. शिकवण्याची किळस आली.

तुले आठवते, मी वावरातून येऊन पाळण्याकडे धावली, तं तू चुलीपासूनच हटकलं होतं? ‘आधी दोन घास खा. भुकेल्या हातानं लेकरू घेऊ नको, हात कापते.’ पोरगं रडून राह्यलं अन् मी तुह्यासमोर बसून भाकर गिळून राह्यली, मनात तुले शिव्या देत.

मागच्या महिन्यात कामरगावहून एसटीनं डबा घेऊन ह्या तुह्या पणतीच्या दवाखान्यात गेली. ही आदल्या सकाळपासून उभी. अंगावर तेच कपडे, केसं चिकट. समोर मुठीएवढं लेकरू, त्याची शीर सापडत नव्हती. हिचे हात लटलट कापत होते, सुई टोचून टोचून त्याचा हात निळा झाला होता, अन् त्याची माय भिंतीकडे तोंड करून उभी. मी डबा उघडला तं हिच्या वरच्या वर्षाचा डॉक्टर आला. ‘पहिल्या वर्षाले जेवण नसते, आजी. आमी बी असेच शिकलो.’

‘दिसून राह्यलं, बाबू,’ मी म्हटलं.

तो हसला. त्याले ते आपलं कौतुकच वाटलं. मी हिले जिन्याखाली नेऊन भरवलं, तं त्या दोन घासांपायी हिले आठवडाभर जास्तीची ड्युटी. त्या निळ्या हाताबद्दल मात्र कोणी कोणाले काही बोललं नाही. थू.

आता ही दोन दिवस घरी आहे. मी सांगून राह्यली, ही लिहून राह्यली. तू मरून गेली त्या गावाले एसटी जात नाही, म्हणून पत्र उतरंडीमागंच राहील. मधातच पेन थांबवून विचारते, ‘आजी, सोडून देऊ का?’ तू असती तं हो म्हटलं असतं. मी म्हटलं, आधी जेव.

खरं सांगू, माय? मले दारावर हिच्या नावाची पाटी पाहिजे. वाचता येत नाही, पण हात फिरवून पाहीन. तेवढ्यापायी उद्याच्या गाडीनं हिले परत धाडून राह्यली. हे लिहू नको म्हटलं हिले. लिहिलं का नाही, मले काय समजते.