कोपऱ्यातला पिंजरा

४ नोव्हेंबर

पोचले बाई एकदाची! वीर स्टेशनावरून रिक्षा केली. रिक्षावाल्या राजूने विचारलं, काम काय करता? म्हटलं, नर्स आहे. कोणाची? म्हटलं, सशांची. एवढा हसला की रिक्षा गटारात जाता जाता वाचली. हसू दे. कराडला आमची आईही हसते.

डॉक्टर विनीतांचा दवाखाना महाडात. तिथे कुत्र्यांच्या भुंकण्याने ससे धास्तावतात, म्हणून मुक्कामाचे पेशंट नाते गावातल्या या घरात ठेवतात. ससे, गिनीपिग, हॅमस्टर, सगळी माझी प्रजा. ससा खायचा थांबला की त्याचं पोट बंद पडतं आणि मग खेळ खलास. म्हणून पिंजऱ्यात ताज्या लेंड्या दिसल्या की मला दिवाळी.

सगळ्यात लाडकी कापशी नावाची सशीण. पोलादपूरच्या पूजाची. पूजा सातवीत आहे. कापशीचे दात वाढून गालात रुतले होते. डॉक्टरांनी घासून दिलेत, पण पोरगी अजून खात नाही. पूजाने हात घट्ट धरून विचारलं, ताई, जिवंत द्याल ना? मी शब्द दिलाय.

६ नोव्हेंबर

कापशीने सिरिंजने भरवलेलं सगळं खाल्लं. शाब्बास!

चंद्राबाई गवत आणते, पिंजरे झाडते आणि बाराच्या आत घरी पळते. ऊन लागतं म्हणे. नोव्हेंबरात! आज मात्र ती गेल्यावर गंमत झाली. गंमत कसली, अंगावर काटा आला. भर बाराला गिनीपिगांच्या शिट्ट्या एकदम थांबल्या. ससे मागचे पाय जमिनीवर आपटायला लागले. संकट दिसलं की ते असंच करतात. मग सगळे कान पाठीला चिकटवून, उत्तरेच्या कोपऱ्याकडे पाठ करून दगडासारखे बसले. वाटलं, साप. काठी घेऊन कानाकोपरा धुंडाळला. काही नाही.

त्या कोपऱ्यातल्या पिंजऱ्यात एक म्हातारा ससा मरून पडला होता. अंगावर ओरखडाही नाही. सकाळपर्यंत तो माझ्या टेबलाजवळ होता. चंद्राबाईने त्याला तिकडे हलवलं होतं.

८ नोव्हेंबर

आज हॅमस्टर गेला. तोच पिंजरा, तीच वेळ. चंद्राबाईला धरलं. तिने आढेवेढे न घेता सांगितलं. त्या कोपऱ्यात पूर्वीपासून कायतरी हाय. त्याला जीव लागतो. म्हणून जो सगळ्यात दुबळा, तो तिथे ठेवायचा. एक दिला का बाकीचे वाचतात, यात पाप नाय गो, म्हणाली. आधीच्या नर्सबाईंनाही ठाऊक होतं म्हणे.

संतापले मी. डॉक्टरांना फोन लावला. म्हणाले, अडाणी समजुती आहेत, लक्ष देऊ नका. आणि ठेवता ठेवता हळूच विचारलं, कोपरा रिकामा तर नाही ना ठेवलात?

९ नोव्हेंबर

सकाळी कोपऱ्यात कापशी!

ओढून काढली तिला. चंद्राबाईशी कडाकडा भांडले. ती रडत म्हणाली, माझ्या पोटात काय काळीज नाय का? पण सगळेच गेले तर? मी म्हटलं, जाऊन जाऊन कोण जातं ते बघतेच. पिंजरा अंगणात भिरकावला.

बारा वाजता कोणी मेलं नाही. पण रिकाम्या कोपऱ्यात थंडी उभी राहिली. हो, उभीच. मी तिच्यासमोर जाऊन ठणकावलं, इथून पुढे एक नख मिळणार नाही. ती गेली नाही. संध्याकाळीही होती.

कोणीही खात नाहीये.

१० नोव्हेंबर

सगळ्यांची पोटं ढोलासारखी टणक. सिरिंज तोंडात घेत नाहीत. नुसत्या भीतीने मरतील. इथे ठेवायचंच नाही कोणाला, महाडच्या दवाखान्यात न्यायचं. राजूला बोलावलं. या वेळी हसला नाही. सगळ्यांना खोक्यांत घालून रिक्षात बसले, कापशी मांडीवर—

फाटकातच रिक्षा बंद. बारा वाजलेले. किका मारून राजूला घाम फुटला. माझ्या मानेवर थंडी. कापशी लाकडासारखी ताठ.

कळलं मला. एक मागे राहायला हवं.

कापशीला राजूकडे दिलं आणि उतरले. लगेच रिक्षा सुरू झाली. तो म्हणाला, ताई, असं नका करू. मी ओरडले, निघ आधी!

कोपऱ्यात बसलेय. मुद्दाम. भीती वाटतेय, खोटं कशाला बोलू? पण त्या पोरांचे जीव देऊन जगणार नाही.

राजूचा फोन. सगळे महाडात पोचले. कापशीने कोथिंबीर खाल्ली.

खाल्ली! जिंकले मी, ऐकलंस का मेल्या?

पाय उठत नाहीत. कमरेपर्यंत आलंय— हात चालतोय अजून—

आजवर दुबळेच खाल्लेस ना? ये. तोंड वर करून बसलेय, पाठ नाही फिरवणार. बघू तुला माझा घास कसा गिळ—