गव्हर्नरांची कोरी चार वर्षे

३ मार्च ९८, मंगळ.
कुरुमला राहणाऱ्या अमेरिकन बाई आज पुन्हा आमच्या टायपिंगच्या दुकानात. त्यांच्या खापरपणजोबांचे चरित्र टाइप करून हवे आहे. तिकडच्या एका राज्याचे अगदी सुरुवातीचे गव्हर्नर. (यापुढे ग.) बाईंचे अक्षर मुंग्यांसारखे. दुकान सांभाळणारे देशपांडे साहेब म्हणाले, "हे बिनचूक कर, मग अर्बाबशी तुझ्या टायपिस्टच्या जागेचं बोलतो. बायोडाटा देऊन ठेव." (अर्बाब म्हणजे आमचा अरब मालक.) दोन वर्षे लेबर कार्डावर 'हेल्पर' आणि टायपिंग सगळे मी.

५ मार्च, गुरु.
बाईंच्या लिखाणात काहीच क्रमाने नाही. आम्ही रुवीत दिवसभर लोकांचे बायोडाटाच टाइप करतो, म्हणून ग.चेही तसेच मांडले. शिक्षण : गावच्या शाळेत दोन हिवाळे. अनुभव : जमीनमोजणी, लढाईत कॅप्टन, विधानसभा, गव्हर्नर. जागा सोडण्याचे कारण : निवडणुकीत हार. (त्यांच्याकडे ती दर वर्षी.)
रात्री खोलीत माझ्यासोबत राहणाऱ्या रफीकभाईंनी वाचले. "मेलेल्याला कुठं चिकटवतोस रे? आमच्या रुसैलच्या फॅक्टरीत सुपरवायझर हवाय."

७ मार्च, शनि.
बाई चिडल्या. हा काय नोकरीचा अर्ज आहे? साहेबांनी कागद माझ्याकडे सरकवले. सगळे पुन्हा करायचे. गेली माझी जागा.
पण एक सांगायचेच राहिले. हरल्यावर ग.ची चार वर्षे कोरी आहेत, मग एकदम पुन्हा गव्हर्नर. बायोडाट्यात चार महिने कोरे दिसले तरी कंपनीवाले विचारतात.

१० मार्च, मंगळ.
विचारले. बाईंनी पेनाला टोपण लावले. मग म्हणाल्या, घरीच होते. दार लावून बसत, चर्चलाही जात नसत. आमच्यात हे कोणी बोलत नाही.
"घालू का?"
"बघते."
माझ्या बायोडाट्यात 'वडिलांच्या होडीवर मदत, तीन वर्षे' असे आहे. अब्बांच्या होडीला मी हातही लावलेला नाही. दहावीला दोनदा नापास झालो आणि माळ्यावर पडून राहिलो. अम्मी पाहुण्यांना सांगायची, मुंबईला गेलाय.

१४ मार्च, शनि.
बाईंनी नवा कागद दिला. एकच ओळ : ही चार वर्षे ते घरी होते. दार नाही, चर्च नाही. तेवढेच टाइप केले. तीनदा तपासले.

१५ मार्च, रवि.
माझा बायोडाटा नव्याने टाइप केला. होडी काढली. 'तीन वर्षे घरी.'
साहेब म्हणाले, "हे कशाला? होडी काय वाईट होती?"
"होडी नव्हती, साहेब."
"अर्बाब विचारेल."
"विचारू दे."
अर्बाब सलालाला गेलाय. बुधवारी येईल, इन्शाल्ला. कागद साहेबांच्या टेबलावर, पेपरवेटखाली. जुना, होडीवाला, माझ्या खिशात आहे. अजून फाडलेला नाही.